ओठाचं मलमच ओठाला बाधलं

"ताई, तुम्ही ज्यानं ओठ बरे करून राह्यल्या ना, त्यानंच ते बिघडले," अकोल्याच्या त्वचेच्या डॉक्टर बाई म्हणाल्या. पॅच टेस्टसाठी माझ्या पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्यांपैकी एकीखाली लाल चट्टा उठला होता. तिथला पदार्थ होता लॅनोलिन.

आजार अ‍ॅलर्जिक कॉन्टॅक्ट कायलायटिस, म्हणजे ओठाला लागलेल्या पदार्थाची अ‍ॅलर्जी. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून काढतात. त्वचा मऊ राहावी म्हणून ते लिपबाममध्ये, मलमात घालतात. बहुतेकांना सोसतं. मला नाही.

मी अनसिंगजवळच्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. थंडीत ओठ फुटले म्हणून लिपबाम आणलं. ओठ सुजले, भेगांतून पाणी येऊ लागलं. जितके फुटत, तितकं मी जास्त चोपडत होते.

वाशीमच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत मलम लिहून दिलं. ओठाला काय लावता, हे विचारलंच नाही. तीन महिने मी ते इमानदारीनं लावलं. त्यातही लॅनोलिनच होतं!

तोवर गावानं आपलं निदान केलं होतं. अंगणवाडीतल्या एका पोरीची आई वर्षा दारात उभी राहून म्हणाली, "बाई, राग नका मानू, पन माह्या पोरीले तुमच्या हातानं भरवू नका. लोकं म्हंतात, हे लागट हाय, एकाचं दुसऱ्याले होते." दुसऱ्या दिवशी सहा लेकरं आली नाहीत. मी तोंडाला रुमाल बांधून उरलेल्यांना गाणी शिकवली.

शेवटी अकोला गाठलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी आधी एकच सांगितलं, "घरात चोपडायचं जे जे आहे, ते सगळं घेऊन या." त्यांनी प्रत्येक खोक्यावरचे घटक वाचले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. लिपबाम आणि मलम, दोन्ही ट्यूबा बंद केल्या, साधी पेट्रोलियम जेली लावली. तीन आठवड्यांत ओठ भरून आले.

मग मी ते मलम घेऊन वाशीमला गेले.

"असं एखाद्यालाच होतं," डॉक्टर म्हणाले.

"तो एखादा तुमच्यासमोरच बसला होता ना, सायेब. त्याले इचारलं काहून नाही?"

ते ट्यूब उलटीपालटी करत राहिले.

तुमचं दुखणं औषधानं वाढत असेल, तर स्वतःला दोष देऊ नका. ट्यूब समोर ठेवा आणि विचारा. डॉक्टर चिडले तरी विचारा.

परवा खाऊच्या वेळी वर्षा पोरीला घेऊन अंगणवाडीत आली. मान खाली. मी तिला बस म्हटलं नाही. पोरगी मात्र धावत मांडीवर चढली, माझ्या ओठावर बोट फिरवून म्हणाली, "आता दुखत नाही?"

"नाही," म्हटलं, आणि तिला पहिला घास माझ्या हातानं भरवला. वर्षाकडे बघत.