आधी साधा बिघाड बघायचा

वहिनीचा फोन आला तेव्हा मी सासरी, वळ गावी, कपडे वाळत घालत होते. "बाय, ये लवकर. तुझा दादा उठतच न्हाय," एवढंच ती बोलली. वळहून माझं माहेर अंजूर असं कितीसं लांब, पण गोदामांच्या कंटेनरांनी रस्ता अडवलेला आणि रिक्षावाला हॉर्न वाजवून थकलेला. मला मात्र घाई उरली नव्हती. आठवडाभर जिची धास्ती घेतली होती ती गोष्ट होऊन गेली, हे मला कळून चुकलं होतं.

बाळूदादा माझा थोरला भाऊ. जुन्या डिझेल टेम्पोतून नारपोलीच्या लूम कारखान्यांना सुताची पोती पोचवायचा. आजूबाजूच्या शेतांवर गोदामं उभी राहिली, शेजाऱ्यांच्या दारात नव्याकोऱ्या गाड्या आल्या, हा आपला त्या खटाऱ्याला धरून. रेडिएटर गळायला लागला की भोक बुजवायला वहिनीच्या डब्यातली मूठभर हळद त्यात जायची, डिझेलची टाकी पाझरली की न्हाणीतला साबण गायब. पाहुण्यांना जेवायला वाढताना वहिनी सांगायची, "कालवनात हळद कमी लागंल, सगली गाडीला घातलीय." तो हसायचा आणि भात कालवायचा.

त्याची एक रीत होती. गाडी अडली म्हणून लगेच इंजिन खोलायचं नाही, आधी साधा बिघाड बघायचा. सेल्फ मारल्यावर नुसतं टक् वाजलं तर बॅटरीच्या टोकांवर पांढरं साचलंय का ते पाहायचं, गरम पाणी ओतून घासायचं. दिवे मिणमिणले तर अर्थिंगची वायर आवळायची. इंजिन आचके देत बंद पडलं तर डिझेलच्या पाइपात हवा धरलेली असणार, ती हातपंप मारून काढायची. बहुतेक वेळा त्याचं खरं ठरायचं. सतत खरं ठरत गेलं की माणूस दुसऱ्याचं ऐकेनासा होतो, तसं त्याचं झालं.

त्या शेवटच्या आठवड्यात त्याची छाती भरून यायची, डावा हात जड व्हायचा. मी गेले तर साहेब टेम्पोच्या पायरीवर ओवा चावत बसलेले.

"दादा, ऊठ. दवाखान्यात चल."

"अगं, हवा धरलीय. ढेकर आली का मोकलं वाटतं."

"आणि हाताचं काय?"

"स्टेअरिंग ओढून भरलाय. आधी साधं बघायचं, बाय. डाक्टर काय, लगेच इंजिनच खोलतो."

मी चिडले, रडले, शेवटी वहिनीला बजावून परत आले. ती रोज सकाळी त्याच्या मागे लागायची, तो रोज उद्यावर ढकलायचा... माझा राग अजून गेलेला नाही. गेलेल्या माणसावर रागावून फार थकायला होतं, भांडायला समोर कुणी नसतं.

परवा भंगारवाला टेम्पो बघायला आला. वहिनी आत भाकऱ्या थापत होती, म्हणून मीच किल्ली दिली. "चालू तो नहीं होगी," म्हणत त्याने बॉनेट उघडलं. बॅटरीची एक वायर सोडवलेली होती. जुन्या वायरिंगमधून करंट झिरपतो, म्हणून दादा कामावरून आला की ती काढून ठेवायचा. भंगारवाल्याने वायर जोडली, किल्ली फिरवली आणि पहिल्याच झटक्यात इंजिन धडधडायला लागलं.

"अरे, इसमें तो कुछ खराबी ही नहीं है!"

तेवढ्यात पिठाच्या हातांनी वहिनी लगबगीने दारात आली. "निघालाव काय? आज तरी पयले डाक्टरकडं..."

मग तिला मी दिसले, तो परका माणूस दिसला. मी घाईघाईने त्याला इंजिन बंद करायची खूण केली.

"नको," वहिनी उंबऱ्यावर बसत म्हणाली, "ऱ्हाव दे जराशी चालू."