भाऊजींचा आनहेंगर

शुद्धलेखनाच्या चुका असतील आणि अक्षरही धड नाही, तेवढं माफ करा. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पण माझ्या धाकट्या दिरांबद्दल कुणीतरी लिहून ठेवायला हवं, आणि आमच्या घरात दुसरं कुणी लिहिणार नाही. आख्ख्या जर्मनीत भाऊजींइतका नियम पाळणारा माणूस नसेल. जर्मन लोकसुद्धा त्यांच्यापुढे बेशिस्त वाटायचे. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिव्याला ते उभे राहत, आणि शेजारून एखादे जर्मन आजोबा खुशाल पलीकडे गेले की हळूच म्हणत, "बघितलंत वहिनी? हा देश आता बिघडत चाललाय."

आमचे हे डार्मश्टाटच्या एका हॉटेलात स्वयंपाकी. भाऊजीही तिथंच तंदूरवर होते, पण त्यांचं मन स्वतःच्या धंद्यात. त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली, तिच्यामागं छोटा आनहेंगर जोडला (गाडीमागं ओढायच्या डब्याला इथं आनहेंगर म्हणतात) आणि सुट्टीच्या दिवशी जत्रांमधून भजी, समोसे विकायला सुरुवात केली. तळायला मी. मोठ्या ट्रकमध्ये टॅकोग्राफ नावाचं यंत्र असतं, ड्रायव्हरनं किती वेळ गाडी हाकली ते टिपणारं. साडेचार तास झाले की पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते. आमच्या व्हॅनला तसलं काही नव्हतं, म्हणून भाऊजींनी स्टिअरिंगसमोर गजराचं घड्याळ चिकटवून ठेवलं होतं. एकदा म्युनिकच्या जत्रेला निघालो. वाटेत गर्दी लागली, आणि जत्रेचं फाटक समोर दिसत असताना गजर वाजला. भाऊजींनी गाडी बाजूला घेतली, चावी काढली आणि हाताची घडी घालून बसले. हे ओरडले, "अरे, फाटक दिसतंय समोर! गिऱ्हाईक आत चाललंय!" भाऊजी शांतपणे म्हणाले, "फाटक दिसलं म्हणून थकवा जात नाही, दादा." पाऊण तास आम्ही दुसऱ्यांच्या तळणाचा वास घेत बसलो. तेच घड्याळ ते तळताना माझ्याजवळ आणून ठेवायचे. वाजलं की झारा हातातून काढून घेत. "पाऊजं, वहिनी. बसा." (विश्रांतीला इथं पाऊजं म्हणतात.) मी लाजून म्हणायची, "अहो, मी काय ट्रक आहे का?" पण बसायची. इतकी वर्षं चुलीपुढं गेली, बस म्हणणारं माणूस मला हे एकच भेटलं.

धंदा चांगला चालू लागला तेव्हा त्यांनी जुनाच पण मोठा आनहेंगर घेतला, एका बाजूची फळी उघडली की दुकान तयार होईल असा. आमची सगळी शिल्लक आम्ही त्यात घातली. भाऊजींनी नको नको म्हणून पाहिलं, मग उसने म्हणून घेतले. त्यांच्या साध्या परवान्यावर गाडी आणि डबा मिळून साडेतीन टनांपर्यंतच नेता येत होतं. मग काय, भाऊजींनी वजनाचा ध्यासच घेतला. प्रत्येक जत्रेआधी भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर सगळी वरात उभी करायची आणि चिठ्ठी घ्यायची. कांदे घरीच सोलायचे, कारण "सालांनाही वजन असतं, वहिनी." एकदा काटा जरा जास्त बोलला, तर त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी न सांगता खाली उतरले. तेव्हापासून मी सोललेल्या कांद्यांची पिशवी मांडीवर घेऊन रेल्वेनं जायची. डब्यातली माणसं एकेक करून लांब जाऊन बसत. येताना मात्र माल संपलेला असायचा, म्हणून मला गाडीत जागा मिळायची.

अशाच एका परतीच्या वाटेवर पोलिसांनी हात दाखवला. भाऊजी तर खूश झाले. इतक्या दिवसांनी कुणीतरी तपासणार होतं! त्यांनी काट्याच्या सगळ्या चिठ्ठ्या गाडीच्या नाकावर ओळीनं मांडल्या. पोलीसबाई तरुण होती. तिनं चिठ्ठ्या आदरानं पाहिल्या, मग गाडीचे आणि डब्याचे कागद पाहिले, आणि तिचा चेहरा पडला. माझं जर्मन मोडकंतोडकं, तरी एवढं कळलं. तुम्ही किती भरलं ते परवान्यासाठी धरत नाहीत. जास्तीत जास्त किती भरायची परवानगी आहे ते दोघांच्या कागदांवर लिहिलेलं असतं, त्या आकड्यांची बेरीज धरतात. ती साडेतीन टनांच्या बरीच वर होती. या डब्याला वेगळा, मोठा परवाना लागतो.

"पण डबा रिकामा आहे," भाऊजी म्हणाले.

"हो. रिकामा असला तरी," पोलीसबाई म्हणाली.

भाऊजींनी एकेक चिठ्ठी गोळा केली.

कोर्टाचा दंड झाला, असलेला परवानाही काही महिन्यांसाठी गेला. आनहेंगर भाड्याच्या जागेत झाकून ठेवला. ह्यांनी परोपरीनं समजावलं, "परवाना परत मिळू दे, मग मोठी परीक्षा दे. तोवर डबा राहील उभा, खायला मागतोय थोडाच?"

"जागेचं भाडं खातो की," भाऊजी म्हणाले. मग म्हणाले, "नियम मोडताना सापडलो असतो ना दादा, तर एवढं वाटलं नसतं. मी तो मन लावून पाळत होतो."

त्यांनी आनहेंगर विकला. सॉसेज विकणाऱ्या एका माणसानं घेतला. डबा जोडू देण्याआधी भाऊजींनी त्याचा परवाना मागून पुढून-मागून वाचला. नंतर त्यांना गेर्लिंगेनला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये नोकरी लागली. तिकडे जायच्या आधी एका रविवारी आले आणि टेबलावर पाकीट ठेवलं. मी म्हटलं, "भाऊजी, ह्यातून परीक्षेचे पैसे भरा. आमचं नंतर बघू. आम्ही मागितलेत का?"

"आधी उसने, वहिनी."

ह्यांनी पाकिटाला हात लावला नाही. भाऊजी बसेनात. चहा निवत चालला. शेवटी ह्यांनी पाकीट उचलून न मोजताच खिशात घातलं, तेव्हा भाऊजी खुर्चीवर टेकले. आमचे सगळे पैसे फिटले.