जखमेतली रेती

काकांनी बाबांना खांद्यावर टाकून आणलं तेव्हा आई विळीवर बांगडे कापत होती. बाबांचं कपाळ फाटलं होतं, जबडा एका बाजूला सरकला होता. त्यांना बोलता येत नव्हतं.

"दादा पुळणीर पडलो," काका म्हणाले. "खडपार डोक्यां आपटलां."

रेती काढणाऱ्या होड्यांनी खाडीचा काठ खालून पोखरला होता. आमचे माड मुळांसकट पाण्यात जात होते. होड्यांची तक्रार करणार, असं बाबा अलीकडे म्हणू लागले होते. काका त्याच होड्यांवर कामाला होते. घरात सगळ्यांना माहीत होतं, बोलत कोणीच नव्हतं.

मी जखम धुवायला बसले. रक्ताबरोबर तळहातावर कण आले. कुठली रेती कुठून येते हे शोधायला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी किनारे पालथे घालत होते. समुद्रकाठच्या आमच्या पुळणीतली रेती पांढरट, लाटांनी गुळगुळीत केलेली, निम्मा शिंपल्यांचा चुरा. हे कण तांबूस होते, धारदार. नदी घाटातला दगड फोडून, आपटत आणते आणि खाडीच्या तळाशी टाकते, ती ही रेती.

माझा हात थांबलेला काकांनी पाहिला. "काय बघतंस गो? कॉलेजात तुका रेतीच शिकयतत मां? मगे जखम आवशीक धुवूक दी."

मला वाद घालता येत नाही, काकांशी तर नाहीच. मी दोन वाट्या घेतल्या. एकीत माझ्या पिशवीतली पुळणीची रेती, दुसरीत जखमेतले कण. बांगड्यांसाठी कापलेलं लिंबू दोन्हींवर पिळलं. शिंपला लिंबाने फसफसतो हे आईला मी पूर्वी दाखवलं होतं. पहिल्या वाटीत बुडबुडे आले. दुसरीत काहीच नाही.

काकांनी दुसरी वाटी लाथेने उडवली.

"तू मारलंस," आई म्हणाली. तिने विळी उचलली आणि काकांच्या दंडावर घातली. पातं हाडाला लागल्याचा आवाज मी ऐकला. ती पुन्हा उचलणार तेवढ्यात बाबांनी पडल्या पडल्या तिचा पदर धरला आणि सोडला नाही.

सरकारी दवाखान्यात दोघा भावांना शेजारच्या खाटा मिळाल्या. पुळणीवर पडलो, असं बाबांनी कागदावर लिहून दिलं. मासे कापताना लागलं, असं काकांनी सांगितलं.

बाबांच्या कपाळात काही कण राहिले, कातडीखाली निळसर दिसतात. डॉक्टर काढू म्हणाले, बाबांनी मान हलवून नाही म्हटलं. काका आता आमच्याकडे जेवायला येत नाहीत. रस्त्यात भेटले की दोघे थांबतात. काका पावसापाण्याचं बोलतात, जमिनीकडे बघून.