दत्तादादाच्या नावाचा कर्नल

मंडळी, आज दुपारी मुरुमला आमच्या घरी जे झालं, ते डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय.

माझा मोठा भाऊ दत्तादादा गेल्या वर्षी अपघातात गेला. त्याचा लॅपटॉप आता मी वापरते. त्यातला लिनक्सचा कर्नल, म्हणजे सगळी यंत्रणा चालवणारा गाभा, दादानं स्वतः तयार केला होता आणि त्याला स्वतःचं नाव जोडलं होतं. त्यावर नवं वायफाय चालेना, म्हणून आज मी नवा कर्नल बनवायला घेतला.

आई शेजारी शेंगा फोडत होती. म्हणाली, "त्याचं पुसू नको गं."

"न्हाय पुसत. जुना तसाच ठेवून बाजूला नवा टाकायलेय."

नवा टाकून लॅपटॉप चालू केला, तर स्क्रीन काळीच. डिस्कचा ड्रायव्हर, म्हणजे कर्नलला डिस्क वाचता येण्यासाठी लागणारा भाग, निवडायचा माझ्याकडून राहिला होता. परत चालू करून सुरुवातीला येणाऱ्या कर्नलांच्या यादीतला दादाचा निवडला. पांढऱ्या ओळी सरकायला लागल्या आणि त्यात त्याचं नाव आलं.

आईला इंग्रजी वाचता येत नाही, पण तेवढं नाव ती ओळखते. माझ्या मागं उभी राहून तिनं हळूच विचारलं, "दत्ता आला का?"



संध्याकाळी चूक दुरुस्त केली. नवा कर्नल चालतोय, वायफायही. पण आई म्हणते, रोज एकदा जुन्यावर चालू करत जा, मला बोलवत जा.

तुम्ही माझ्या जागी असता तर बोलावलं असतं का?