कामिनीचं कुंपण

दादा दुकानात बसायला तयार नव्हता. बाबांचं हार्डवेअरचं दुकान बरं चाललं होतं आणि थोरला मुलगा म्हणून गल्ल्यावर तोच बसणार, असं घरात सगळे धरून चालले होते. त्याने एक पावसाळा कसाबसा तिथे काढला. मग नालवाडीतल्या आमच्या घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर हिरवी जाळी ताणली आणि पिशव्यांमध्ये कामिनीची रोपं करायला घेतली.

"झाडं इकून कोनाचं घर चाललं आजपर्यंत?" बाबांनी विचारलं.

"लोकं बंगले बांधून राह्यले, बाबा. बंगल्याले कुंपण तं लागनच ना."

बाबांनी मान हलवली आणि ते दुकानात निघून गेले. पण घोड्यासाठी तार त्यांनीच आणून दिली. दादाला फाटकाजवळ तारेच्या सांगाड्यावर कामिनी वाढवून तिचा घोडा करायचा होता. बाबा दोन-तीन रविवार अंगणात बसून पक्कड घेऊन तार वाकवत होते, आणि घोड्याची मान जमेना म्हणून दोघं एकमेकांवर चिडत होते. त्या दोघांना एकत्र काम करताना मी तेव्हाच काय ते पाहिलं.

कामिनी बारा महिने हिरवी राहते. पानं लहान, गर्द, चकचकीत. शेंडा खुडला की त्याच जागी दोन फांद्या फुटतात, त्या खुडल्या की आणखी. पण वाढीला ती फार सुस्त. घोडा घोड्यासारखा दिसायला काही वर्षं गेली. तोवर दादाची कुंपणं सावंगीच्या डॉक्टरांच्या बंगल्यांवर लागली, एका मंगल कार्यालयाच्या दारात त्याचे गोल गोळे उभे राहिले. मी तेव्हा नुकतीच कचेरीत नोकरीला लागले होते. सुट्टीच्या दिवशी दोरी धरायचं काम माझं. कुंपणाचा माथा सपाट यावा म्हणून दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणायची आणि दादा तिच्या रेषेत कात्री चालवायचा. बुडाशी तो कुंपण माथ्यापेक्षा रुंद ठेवायचा, म्हणजे ऊन खालपर्यंत पोचतं आणि खालची पानं झडत नाहीत. आमच्या घरासमोरचं कुंपण जमिनीला टेकलेलं होतं. आत हात घातला तर कोपरापर्यंत दिसेनासा व्हायचा.

त्या हिवाळ्यात एका सकाळी तो कुंपणाच्या बुडाशी अडकलेला पाला हाताने ओढून काढत होता. मी कचेरीत जायला निघाले होते. तो ओरडला नाही. उठला, नळाशी आला आणि हात धुवायला लागला.

"काय झालं रे?"

"काई नाई. काटा लागला असन."

कामिनीला काटा नसतो, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग हाताकडे. अंगठ्याजवळून रक्त येत होतं आणि मनगट डोळ्यांदेखत सुजत होतं. शेजारच्या काकांनी गाडी काढली. त्यांच्या मुलाने काठीने पाला हलवला, तेव्हा आत घोणस वेटोळं करून बसली होती.

सावंगीच्या दवाखान्यात त्याला लगेच इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टरांनी करण्यासारखं सगळं केलं. हात वाचेल असं वाटत होतं, पण लघवी बंद झाली. मग डायलिसिस. ज्यांच्या बंगल्यावर दादाने कुंपण लावलं होतं ते एक डॉक्टर त्यांच्या वॉर्डातलं काम आटोपून रोज येऊन उभे राहायचे. बाबा गिरडच्या टेकडीवर जाऊन आले, दर्ग्यातून आणलेला दोरा त्यांनी दादाच्या चांगल्या हाताला बांधला.

एका दुपारी दादा मला म्हणाला, "समोरच्या लाइनीचे शेंडे निघाले असतीन."

"असू दे."

"कापून घेजो. नाई तं माथा बिघडते."

"दोरी कोन धरन?"

"बाबाले सांग," तो म्हणाला. त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, ते मी पुसलं. त्यानंतर तो माझ्याशी फारसं बोलू शकला नाही. त्याच आठवड्यात तो गेला.

भेटायला येणारे लोक आत यायच्या आधी फाटकाजवळ थांबून कुंपणाकडे बघायचे. घराजवळ एवढं दाट कशाला लावायचं, असं कोणी कोणी आमच्यादेखत म्हणालं. बाबांनी एक माणूस कुऱ्हाड घेऊन बोलावला. आई पायरीवर येऊन उभी राहिली.

"हात नोको लावू," ती त्या माणसाला म्हणाली. "माह्या पोराचं हाय ते."

माणूस परत गेला. मागच्या प्लॉटवरची रोपं बाबांनी नेईल त्याला देऊन टाकली. समोरच्या कुंपणाला कोणी पाणीही घातलं नाही, तरी ते जगलं. आधी घोड्याचे कान गेले, मग मान. पावसाळा आला तेव्हा फाटकाजवळ एक नुसतं झुडूप उभं होतं.

आणि ते फुललं. सारखी कात्री लागत असली की कामिनीला फारशी फुलं येत नाहीत, कळ्या शेंड्यांबरोबर कापल्या जातात. मोकळी सोडली तर पांढरीशुभ्र होते. वास इतका दाट की स्वयंपाकघरात भाजीचा वास येईना. येणारे-जाणारे थांबून म्हणायचे, काय सुंदर वास आहे. आईने खिडक्या लावून घेतल्या. दोन दिवस ती जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी ती माझ्या खोलीत आली.

"काप ते."

"आई, तूच म्हनाली होतीस..."

"मले सहन होत नाई. तो होता तवा कधी असा वास आला काय? काप."

दादाची कात्री माझ्या हाताला मोठी होती. तळवे सोलून निघाले. घोड्याच्या आत शिरले तर तार खोडात रुतून बसली होती, सालीने ती गिळली होती. घोडा परत होणार नव्हता. मी त्याचा ओबडधोबड गोळा करून ठेवला.

आता दर वर्षी पावसाच्या तोंडाशी, कळ्या धरायच्या आधी, मी कुंपण कापते. माथा सरळ येत नाही. मी सुरुवात करायच्या आधी बाबा काठी घेऊन येतात आणि बुडाशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पाला बडवत जातात. मग खुर्ची ओढून बसतात आणि माझं होईपर्यंत जमिनीकडे बघत राहतात. मी एकदा म्हटलं, "बाबा, काढूनच टाकू आता." त्यांनी उठून पुन्हा एकदा बुडाशी काठी फिरवली. आतून आईने विचारलं, कापून झालं काय? मी म्हटलं, थोडं राहिलंय.