पाळणा निघाला महाळुंग्याला

गड आणि घाट वाचायला या ब्लॉगवर येणाऱ्यांनी आज जरा सबुरीनं घ्यावं. या वेळी चढण शून्य, धूळ भरपूर. पिंपरीतलं संत तुकाराम नगर ते चाकणजवळचं कुरुळी आणि तिथून महाळुंगे, एवढाच प्रवास, तोही एका लाकडी पाळण्यासाठी.

पाळणा कुरुळीच्या महिला मंडळाचा. महिला मंडळ म्हटलं की मला हळदीकुंकू आणि पैठणीचे खेळ आठवतात आणि मी काढता पाय घेते. पण माझी आई कुरुळीच्या शाळेत शिक्षिका होती आणि मंडळात पहिल्यापासून आहे. गयाबाईंचं घर पाडणार आहेत, पाळणा हलवायचाय, तू चल, असं तिनं सांगितलं. विचारलं नाही.

जायचं तर गुरुवारी जा. इकडच्या बऱ्याच कंपन्यांना त्या दिवशी सुट्टी असते, त्यामुळे भोसरी-मोशीचा रस्ता माणसासारखा वागतो. आम्ही बसनं निघालो आणि मोशीला उतरून मिसळ खाल्ली. रस्सा झणझणीत, जादा पावाला कुरकुर नाही, दोघींचं दोनशेच्या आत भागलं.

गयाबाईंनी हे मंडळ सुरू केलं. सत्तरी ओलांडली तरी आवाज या बांधावरून त्या बांधावर जाईल असा. बांध मात्र आता उरले नाहीत. मुलं जुनं घर पाडून भाड्याच्या खोल्या बांधणार, आणि मंडळ याच घराच्या पुढच्या खोलीत चालायचं. चहा होईपर्यंत त्यांनी इतिहास सांगून टाकला. कंपन्या आल्या तशी लांबच्या जिल्ह्यांतली जोडपी गावात राहायला आली. त्यातली एक पोरगी बाळंतपणानंतर चौथ्याच दिवशी नळावर धुणं धुताना गयाबाईंना दिसली. माहेर लांब, सासू नाही, नवरा ओव्हरटाइमला. गयाबाईंनी तिला बाळासकट घरी आणलं. मग बायका जमत गेल्या. कुणी शेक-शेगडी बघायची, कुणी डिंकाचे लाडू वळायची, माझ्या आईकडे दवाखान्याच्या फेऱ्या. सव्वा महिना झाला की पोरीची लेकीसारखी ओटी भरून पाठवणी.

घोटाळा तिथंच झाला. पहिली दिवाळी आली आणि सगळ्या पोरी नवरे-लेकरं-पिशव्यांसह दारात हजर. ओटी भरली म्हणजे हे माहेर, मग दिवाळीला दुसरीकडे कुठं जायचं? फराळाचे डबे दुपारपर्यंत रिकामे.

"आमी बाळंतपण कराय निघालो व्हतो," गयाबाई म्हणाल्या. "माहेर व्हायचं ठरलंच न्हवतं."

तेव्हापासून दर दिवाळीला तिथं मोठी कढई चढते.

मग बोलणं पाळण्यावर आलं. याच खोलीत बाळंतपण झालेली, मूळची बीडकडची सुरेखा आता महाळुंग्याला असते. ती मंडळ पुढे चालवणार होती, पाळणा तिच्याचकडे निघाला होता. पण खोली गेली की मंडळ संपलं, असंच गयाबाईंनी मनात धरलेलं. आईवडील नाहीत, भाऊही गेला, त्यांचं स्वतःचं माहेर केव्हाच मिटलं होतं. आता पोरींचंही मोडताना बघवणार नाही, मी येत नाही, म्हणाल्या.

टेम्पो दारात आला आणि बेत बदलला. रिकामा पाळणा हलवायचा नसतो, आणि चाकणच्या खड्ड्यांत तो हलणारच. गयाबाईंनी बारशाला पाळण्यात ठेवतात तो वरवंटा आणला, त्याला कुंची घातली, पाळण्यात निजवला आणि त्याला धरून बसायला माणूस लागेल म्हणत स्वतःच मागे चढल्या. मीही त्यांच्याजवळ बसले, आई ड्रायव्हरशेजारी. चाकणच्या चौकात एका पोलिसानं मागे डोकावून, एवढ्या उन्हात तान्हं बाळ कशाला बाहेर काढलंत, म्हणून आम्हाला दटावलं आणि टेम्पो आधी सोडला. खरं काय ते आम्ही कुणीच सांगितलं नाही.

सुरेखाच्या दोन खोल्या कारखान्याच्या भिंतीला लागून आहेत. आत हिंगोलीची एक पोरगी तान्ह्याला घेऊन बसली होती. गयाबाईंनी आधी तिला कान बांधले नाहीत म्हणून झापलं, मग टांगलेल्या पाळण्याच्या दोऱ्या स्वतः ओढून बघितल्या. वरवंटा काढून बाळ ठेवलं. ते झोपलं, तरी त्या झोका देतच राहिल्या. जेवायला बाजरीची भाकरी आणि शेपूची भाजी होती. मला शेपू आवडत नाही. दोनदा घेतली.

निघताना सुरेखा सुपात तांदूळ, नारळ आणि खण घेऊन आली. गयाबाईंनी पदर आवरला.

"माझी नगं. मालक गेल्यापासनं कुनी भरली न्हाई."

"लेक माहेरातून रिकामी जात नसती, माय. तुम्हीच सांगितलं होतं." सुरेखा सूप धरून उभीच राहिली. "आन् दिवाळीला यायचं."

गयाबाईंनी पदर पसरला. मला रडू आलं, आणि या वेळी धुळीचं निमित्त काढावंसंही वाटलं नाही.

घरी येऊन चार दिवस झाले. बुटांवर बघण्यासारखा चिखल नाही, मोबाइलमध्ये सूर्योदयाचा फोटो नाही. तरी एवढी भरून क्वचितच एखाद्या ट्रेकवरून आले असेन. हळदीकुंकवाला मी अजूनही जाणार नाही, पण डिंकाचे लाडू शिकायला घेतलेत.

सकाळी गयाबाईंचा आईला फोन आला होता. दिवाळीला महाळुंग्याला जाताना हात हलवत कसं जायचं, काय न्यावं, असं विचारत होत्या. अजून चैत्र चाललाय.