भागिरथाबाईची अर्धी भाकर

भागिरथाबाईचं वजन ठाऊक नाही असा माणूस मागच्या वर्षी किन्हीराजात शोधून सापडला नसता. बाईमाणसाचं वय आणि वजन चारचौघांत काढू नये, एवढी रीत गावालाही कळते. पण बाईच दर बुधवारी पवनच्या भुसार दुकानात जायची आणि सोयाबीनची पोती ज्या काट्यावर चढतात त्या काट्यावर चढायची. पवन सवयीनं आकडा मोठ्यानं म्हणायचा. पहिल्या दिवशी म्हणाला, "चौऱ्याऐंशी दोनशे." मालातून पोत्याचं वजन वजा करणाऱ्या हमालानं विचारलं, "बारदान किती धरू, बाई?"

"लुगड्याचे आठशे धर अन् तुह्या जिभीचे पाच किलो," बाई म्हणाली.

अशी ही बाई. वय सेहेचाळीस. गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. लग्न होऊन रिठदला गेली होती, पण तिथं नवऱ्याच्या हाताला फार काम होतं आणि ते सगळं हिच्या पाठीवर. तिसऱ्या वर्षी धाकटा भाऊ देवमन मोटरसायकल घेऊन गेला, तिला मागं बसवलं आणि घेऊन आला. आपल्या घराला लागून एक खोली बांधून दिली. बावीस वर्षांत त्यानं तिला एकदाही विचारलं नाही की, बाई, तू परत कधी जातं. बाईच्या अंगावर जे मांस चढलं ते त्या खोलीतलं, निवांतपणाचं.

त्या देवमनच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा वाशीमला जाऊन रक्त धुवून आणायचं. बायकोची, रूपाची, किडनी जुळली नाही. बाईची जुळली. पण नागपूरचे डॉक्टर म्हणाले, "एवढ्या वजनात आम्ही तुमची किडनी काढणार नाही. सत्तरच्या आत या."

"कापतच आहात तं तेवढी चरबी बी काढून घ्या," बाई म्हणाली. डॉक्टर हसले, पण ऐकलं नाही.

मग दवाखान्यातल्या आहारवाल्या मॅडमनी कागद दिला. सकाळी अर्धी भाकर, संध्याकाळी अर्धी. पातळ वरण, काकडी, ताक. बाईनं तो कागद विहारातल्या वंदनेसारखा पाठ केला. नव्वद पोरांची खिचडी शिजवायची आणि मीठ पाहायलाही दाणा जिभेवर ठेवायचा नाही. चव पाहायला जोडीची प्रयागबाई. दर बुधवारी पवनचा आवाज: एक्क्याऐंशी, अठ्ठ्याहत्तर, पंच्याहत्तर. गावाला मजा येत होती. कोणी म्हणे बाईला साखर झाली. कोणी म्हणे शेलूबाजारचा एक जीपवाला आहे, त्याच्यासाठी चाललं आहे. या दुसऱ्या बातमीला कसलाही आधार नव्हता, म्हणून ती जास्त टिकली.

सात महिन्यांनी काटा साडेसत्तरवर आला. शेवटच्या तपासण्यांना आठ दिवस होते, तेवढ्यात प्रयागबाईच्या पोरीचं, सपनाचं, लग्न निघालं. बाई पंगतीत बसली. काय झालं तिला त्या दिवशी, कोण जाणे. वाढणारा पोरगा पुढं सरकतच नव्हता, आणि सात महिन्यांची भूक एकाएकी हात धरून बसली. बुंदीचे पाच लाडू खाल्ले तिनं. पुऱ्या कोणी मोजल्या नाहीत.

नागपूरला काट्यानं बहात्तर दाखवलं. डॉक्टरांनी तारीख तीन आठवडे पुढं ढकलली.

अकराव्या दिवशी दुपारी देवमनचा श्वास अडला. वाशीमला पोचेपर्यंत संपला. छातीत पाणी भरलं होतं.

मौतीच्या घरी चूल पेटत नाही. सोयरे भाकरी बांधून आणतात आणि घरच्यांना बळंच चार घास खाऊ घालतात. प्रयागबाईनं बाईच्या हातात दोन अख्ख्या भाकरी आणि वांग्याची भाजी ठेवली. "आता कायचा तुहा कागद अन् कायचं काय. आता पोटभर खाय माय," ती म्हणाली. तिच्या मनात दयाच होती. बायकांनी चारी बाजूंनी घास कोंबले. सात महिने आकसलेलं पोट ते. बाई उठून घरामागं गेली आणि सगळं ओकली. त्यानंतर मात्र तिला भाकरीचा वाससुद्धा सोसेना.

मॅडमचा फोन यायचा. बाई तिची कोणी लागत नव्हती, पण ती पोरगी मनानं चांगली होती. "ताई, आता कमी करायचं नाही. आता थांबायचं. दर आठवड्याला अर्धी भाकरी वाढवा. वजन जागेवर राहिलं की आणखी अर्धी. एकदम नको, आणि बंद तर मुळीच नको."

"हो मॅडम," बाई म्हणायची, आणि अर्धीतली पाव कुत्र्याला टाकायची.

तिच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की झाली होती. पाच लाडू खाल्ले, तीन आठवडे गेले, भाऊ गेला. यातलं मधलं काही तिला दिसत नव्हतं. घास उचलला की लाडू दिसायचा. त्यात रूपा तेराव्या दिवसापासून तिच्याशी कामापुरतंही बोलत नव्हती, खाली मान घालून बाजूनं निघून जायची. बाईला त्याचा अर्थ विचारायची गरज वाटली नाही.

गावालाही वाटली नाही. हातपंपावर बोलणं सुरू झालं, "किडनी द्याची नोती तं सरळ नाई म्हणाचं. वजनाचं नाटक कायले?" बुधवारी पवन आता आकडा मोठ्यानं म्हणत नसे. सहासष्ट. बासष्ट. अठ्ठावन्न. कोणी विचारलं तर तो म्हणायचा, काटा बिघडला आहे.

पोळ्यानंतरच्या आठवड्यात बाई शाळेत चुलीपाशी चक्कर येऊन पडली. हात खिचडीच्या तापलेल्या गंजाला, मोठ्या पातेल्याला, लागला, कोपरापर्यंत भाजला. हेडमास्तर प्रयागबाईला म्हणाले, पुन्हा असं झालं तर दुसरी बाई पाहावी लागेल.

त्या दुपारी रूपा ताट घेऊन खोलीत आली. ताटात अर्धी भाकर, वरण, काकडीच्या चार फोडी. ताट बाईपुढं ठेवलं आणि भिंतीला टेकून बसली.

"खा."

"भूक नाई वो."

"मी भूक इचारली काय तुमाले? खा म्हणलं."

"रूपे, तू काहून मागं लागून राह्यली? तुले बी तं हेच वाटते ना, की म्याच…"

रूपानं ताट आणखी पुढं सरकवलं. मग ताटाकडं बघतच म्हणाली, "त्याईले दिवसाचं एकच लिटर पाणी सांगतलं होतं. तुमी शाळेत जा, अन् ते माह्या मागं लागत. रूपे, एक घोट दे. लहान लेकरावानी रडत. मी देत होती. आदल्या दिवशी दोन तांबे देल्ले. डॉक्टरनं इचारलं, पाणी कितीक पेले? मी म्हणलं, लिटरच."

बाईचा भाजलेला हात मांडीवर होता. तो तिनं पदराखाली ओढला.

"तुमच्या लाडवानं नाई मेले ते," रूपा म्हणाली. "म्या मारलं. तुमी अशा वाळून चालल्या, अन् लोकं तुमाले नावं ठेऊन राह्यले, अन् मी चुपचाप आयकून राह्यली. आता तुमाले काय कराचं ते करा. गावाले सांगा."

बाईनं तिच्याकडं पाहिलं. बेचाळीस वर्षांची बाई, भावानं पसंत करून आणलेली, आपल्याच हातानं पहिली ओटी भरलेली. सांगायचं म्हटलं तर हातपंप शंभर पावलांवर होता. एक वाक्य बोललं की आपल्यावरचं सगळं उतरून हिच्या डोक्यावर जाणार, आणि हिला ते जन्मभर पुरणार. बाईच्या मनात ते वाक्य तयारही झालं. इतके दिवस कोणावर तरी रागवायची सोय नव्हती. आता समोर बसली होती.

आणि त्या दिवसांत आपण घरी असतो, देवमन आपल्यामागं लागून रडला असता, तर?

बाईनं भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिली. घशाखाली जाईना, तरी ढकलला.

"मॅडम म्हणते, आठवड्याले अर्धीच वाढवाची," ती म्हणाली. "एकदम नाई."

"मी देईन तेवढीच."

"अन् हे दुसऱ्या कोणाजवळ बोलू नोको. धम्मरत्नजवळ बी नाई."

धम्मरत्न म्हणजे रूपाचा लेक, पुण्याला शिकायला होता. रूपा पदरानं तोंड झाकून रडली. बाईनं तिला जवळ घेतलं नाही. तेवढं तिच्यानं झालं नाही त्या दिवशी, आणि पुढंही कितीतरी दिवस झालं नाही. पण ताट तिनं पुसून खाल्लं.

मग रोज दोन्ही वेळेला रूपा ताट आणायची आणि ते संपेपर्यंत बसायची. पहिल्या आठवड्यात अर्धी, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात एकदा उलटी झाली तर पुन्हा मागं. बोलणं भाकरीपुरतं. दिवाळीपर्यंत बाई दोन वेळेला दीड-दीड भाकरीवर आली. वजन बासष्टवर येऊन थांबलं, आणि मॅडम फोनवर म्हणाली, आता इथंच राहायचं.

गावानं मात्र तोंड थांबवलं नाही. एका सकाळी बाई अंगणात न्याहारीला बसली होती आणि रस्त्यानं दोघीजणी पाण्याला चालल्या होत्या. त्यातली एक हळू म्हणाली, पण ऐकू जाईल इतकंच हळू, "पाह्य, भाऊ खाऊन आता कशी भरून राह्यली."

चुलीपाशी रूपाचा हात तव्यावरच थबकला. बाईनं तिच्याकडं पाहून मान हलवली, काही नाही म्हणून, आणि पुढचा घास मोडला.